कार्याआधीचे दिवस : ठाणे-कल्याण परिसरातील ख्रिस्ती पूर्वतयारीच्या अभ्यासाची प्रस्तावना

चर्चच्या नोंदवहीत कार्याची नोंद होते. अमुक तारखेला अमक्याचा बाप्तिस्मा झाला, अमक्याचे लग्न लागले, अमक्याला माती दिली. साक्षीदारांची नावे असतात, विधी करणाऱ्या धर्मगुरूंची सही असते. त्या तारखेच्या आधी त्या घरात काय चालले होते, हे मात्र त्या वहीत सापडत नाही. उपास कोणी धरला, कोणता अबोला मिटला, रात्रीची जपमाळ कोणी सुरू केली, धर्मगुरू स्वतः किती वेळ गुडघ्यांवर होते, यांपैकी कशालाच रकाना नाही. अपवाद एकच, लग्नाच्या पुकाऱ्यांचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवून दिले की लग्नाआधी लागोपाठ तीन सणवारी मिस्सेच्या वेळी वधूवरांची नावे सर्वांसमोर पुकारावीत. कोणाची हरकत असेल तर ती वेळेत कळावी, हा त्यामागचा कायदेशीर हेतू. पण ज्या गावात तीन रविवार दोन नावे पुकारली जातात, त्या गावाच्या तोंडी ती नावे प्रार्थनेतही येऊ लागतात. लग्न दोघांचे असले तरी तयारीला सगळी मंडळी लागते.

ख्रिस्ती जीवनातल्या मोठ्या कार्यांआधी माणूस स्वतःला कसा तयार करतो, हा या अभ्यासाचा विषय. बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन, लग्न, धर्मगुरुपदाची दीक्षा, दूरच्या सेवेला निघणे, ग्रंथ लिहायला बसणे, मरणाला सामोरे जाणे, अशी ही कार्ये आहेत. मराठीत या विषयावर उपदेशपर पुस्तके बरीच आहेत. इतिहासाच्या आणि लोकजीवनाच्या अंगाने पाहणारे लेखन फार थोडे. म्हणून नव्या वाचकाचे येथे मनापासून स्वागत आहे, मग तो विश्वासणारा असो वा नसो. माझी धारणा सुरुवातीलाच सांगून टाकतो: या परंपरेत तयारी ही एकट्याची साधना कधीच नव्हती. ज्याचे कार्य, त्याच्याबरोबर दुसरे कोणीतरी उपाशी राहते, जागे राहते, कधी त्याला थांबवूनही धरते. ही बाजू विसरून केवळ एका माणसाच्या मनाची अवस्था तपासत बसलो, तर विषयाचा मोठा भाग हातून निसटतो.

ही धारणा फार जुन्या आधारावर उभी आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात बाप्तिस्म्याआधीच्या उपासाचा नियम आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपास करावा, हे अपेक्षितच. पण देणाऱ्यानेही करावा आणि इतर ज्यांना शक्य असेल त्यांनीही करावा, असे तो ग्रंथ सांगतो. चौथ्या शतकात यरुशलेमला गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने तिथल्या उपवासकाळाचे वर्णन लिहून ठेवले आहे: दीक्षार्थी आठवड्यांमागून आठवडे रोज काही तास बिशपांसमोर शिकायला बसत, आणि ज्यांनी त्यांची हमी घेतली ती माणसेही त्यांच्याबरोबर असत. बायबलमध्येही हेच दिसते. बारा शिष्य निवडण्याआधीची रात्र येशूने डोंगरावर एकट्याने प्रार्थनेत काढली खरी. पण गेथशेमाने बागेत, सर्वांत कठीण घडीआधी, त्याने तिघांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. ते झोपी गेले. तरी त्याने सोबत मागितली होती, हे विसरता येत नाही. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना पाठवले ते सगळ्यांनी मिळून उपास व प्रार्थना करून आणि त्यांच्यावर हात ठेवून.

आता आपल्या परिसराकडे येतो. या अभ्यासासाठी ठाणे-कल्याणच का, असे कोणी विचारेल. वसईकडे चर्चही अधिक आहेत आणि अभ्यासकही. माझे उत्तर असे की ख्रिस्ती पूर्वतयारीच्या इतक्या वेगवेगळ्या परंपरा इतक्या थोड्या जागेत, आणि तीही एका रेल्वेमार्गावर, महाराष्ट्रात क्वचितच आढळतील.

कल्याणचा उल्लेख सहाव्या शतकातला आहे. कॉस्मास इंडिकोप्लेउस्टेस या व्यापारी यात्रेकरूने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती असल्याचे आणि पर्शियात अभिषेक झालेला बिशप तिथे असल्याचे लिहिले. ती जागा म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक इतिहासकार मानतात. ही पूर्वेकडची, सीरियाई भाषेत उपासना करणारी मंडळी. तिचे पुढे काय झाले याचा सलग धागा हाती नाही, आणि तो ओढूनताणून जोडू नये. पण १९८८ साली केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला तो कल्याणच्याच नावाने. त्यांची उपासनापद्धतीही मुळात त्याच पूर्व सीरियाई घराण्यातली. रेल्वे, कारखाने आणि इस्पितळे यांच्या नोकऱ्यांमागे आलेल्या कुटुंबांनी ती आणली.

या कुटुंबांचे वर्ष उपासांनी बांधलेले असते. मोठ्या उपवासाच्या आधी निनवेच्या आठवणीचा तीन दिवसांचा उपास, मग पन्नास दिवसांचा मोठा नोंबू (म्हणजे उपास), सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मरियेच्या जन्मसणाआधीचा आठ दिवसांचा, नाताळाआधी पंचवीस दिवसांचा. मोठा उपवास त्यांच्याकडे सोमवारी सुरू होतो. आदल्या रविवारी मांसाहार संपवायचा आणि मनातले वैरही. लॅटिन पद्धतीच्या कॅथलिकांकडे तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. डोंबिवलीत एकाच इमारतीत एका मजल्यावर सोमवारपासून मासळी बंद होते, दुसऱ्यावर बुधवारपासून. मुले हा फरक आईबापांना विचारतात, आणि त्या उत्तरांत जिवंत धर्मशिक्षण घडते. अभ्यासकाने असल्या प्रश्नोत्तरांची टिपणे ठेवली पाहिजेत, असे मला फार वाटते.

ठाण्याची गोष्ट जास्त सांगावी लागेल. १३२० च्या अखेरीस होर्मुझहून आलेले जहाज ठाण्याला लागले. त्यात तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे चार फ्रान्सिस्कन होते. बरोबर जोर्दानुस नावाचा एक दोमिनिकन. त्यांना जायचे होते कोल्लमला आणि पुढे चीनला. ठाणे त्यांच्या मनात नव्हते. इथे पूर्व सीरियाई ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती असे ओदोरिक या प्रवाशाने लिहिले आहे. त्यांपैकी एका घरी ते उतरले. फारसी येत असल्याने जोर्दानुस तिथल्या ख्रिस्ती लोकांना भेटायला सोपारा आणि भडोचच्या दिशेने निघाला. मागे राहिलेल्या चौघांना स्थानिक सत्तेपुढे नेण्यात आले आणि धर्मविषयक वादातून एप्रिल १३२१ मध्ये त्यांना मारण्यात आले. जोर्दानुसाने परत येऊन त्यांचे अवशेष सोपाऱ्याला पुरले. ओदोरिकने पुढे त्यांतल्या अस्थी थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत नेल्या. १८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी थॉमसच्या धन्य म्हणून होणाऱ्या पूजनाला मान्यता दिली.

या कथेवर लिहिणारे बहुतेक जण मरणापाशी थांबतात. मला त्याआधीचे दिवस महत्त्वाचे वाटतात. थॉमस तरुण नव्हता. दारिद्र्याच्या व्रताच्या कडक पालनावरून संघात झालेल्या वादात त्याने तुरुंग सोसला होता, १२८९ मध्ये तो सुटला, मग आर्मेनियात काम केले. चीनमधून आलेली जॉन दे मोंतेकोर्व्हिनोची पत्रे १३०७ मध्ये पोपपर्यंत त्याने पोचवली. तीस वर्षे तो पूर्वेकडे जाण्याची तयारी करत होता, आणि परीक्षा झाली ती वाटेतल्या, न ठरवलेल्या बंदरावर. दिमित्रियस दुभाषा होता. फ्रान्सिस्कनांच्या १२२३ च्या नियमानुसार धर्मगुरू नसलेल्या बंधूंनी दिवसाच्या ठरावीक प्रहरांना मिळून ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना शहात्तर वेळा म्हणायची असते: पहाटेपूर्वी चोवीस, मग पाच, दिवसाच्या चार प्रहरांना प्रत्येकी सात, सायंकाळी बारा, झोपण्याआधी सात. ठाण्याच्या त्या परक्या घरातही त्याचा हाच नेम असणार. त्याच नियमात आणखी एक कलम आहे. मुसलमान किंवा इतर धर्मीयांच्या देशात जायची इच्छा ज्याला होईल, त्याने वरिष्ठांची परवानगी मागावी, आणि वरिष्ठांनी ती फक्त योग्य वाटणाऱ्यांनाच द्यावी. स्वतःला तयार वाटणे पुरेसे नव्हते. तुम्ही तयार आहात की नाही हे दुसऱ्याने ओळखायचे असे.

वसईच्या गोन्सालो गार्सियाच्या आयुष्यातही हेच कलम वेगळ्या रूपात भेटते. (वसई २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, म्हणून तो या अभ्यासाच्या कक्षेत येतो.) किशोरवयात तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून काम केले. संघात घ्यावे ही त्याची विनंती मान्य झाली नाही. तो व्यापारात उतरला, मनिलाला गेला आणि शेवटी तिथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. पुढे जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कन शिष्टमंडळाचा दुभाषा होण्याची पात्रता त्याला मिळाली ती त्या नकाराच्या आणि व्यापाराच्या वर्षांतच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारले. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला. ज्या वर्षांना चरित्रकार भटकंती म्हणून बाजूला सारतात, ती मला तयारीचीच वर्षे वाटतात.

साष्टीकडे वळण्याआधी एक खुलासा आवश्यक आहे, कारण नवे अभ्यासक नेहमी या नावापाशी अडखळतात. साष्टी नावाचे प्रदेश दोन आहेत: मुंबई-ठाण्याचा आणि गोव्याचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे काम गोव्याच्या साष्टीतले. ते १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. मधली सदतीस वर्षे हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला मोठा पूर्वतयारीचा काळ आहे. त्यात ते लोकांची बोली शिकले, त्यांनी पुराणाची ओवी आत्मसात केली, कोकणीचे व्याकरण रचले. ग्रंथाची बैठकही लक्षात घ्यावी: नव्याने ख्रिस्ती झालेले लोक आपल्या गुरूला विचारतात की आम्ही वाचावे, ऐकावे असे पुराण कुठे आहे, आणि त्यातून कथन सुरू होते. म्हणजे ग्रंथाची गरज मंडळीकडून येते.

ठाण्याच्या साष्टीत पोर्तुगीज सत्ता १७३७ मध्ये मराठ्यांच्या मोहिमेने संपली. दोन वर्षांनी वसईही गेली. युरोपीय धर्मगुरू गेल्यावर इथला धर्म टिकला तो देशी धर्मगुरूंमुळे, आणि तितकाच घरांमुळे. आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो (हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी स्वीकारले), त्यांच्या लग्नातले ‘उंबराचं पाणी’ या दृष्टीने फार मोलाचे आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका कळशा घेऊन, वाजतगाजत विहिरीवर जातात. गाणी त्यांच्या मराठी बोलीतली असतात. विहिरीला मान दिला जातो, पाणी भरून घरी आणले जाते आणि त्या पाण्याने नवरा किंवा नवरी न्हाते. विवाहेच्छूंचे पापनिवेदन आणि चर्चमधली तयारी त्या आसपासच झालेली असते. जुने अभ्यासक या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत टाकत: पापनिवेदन धर्मात आणि विहिरीवरची मिरवणूक लोकाचारात. ही वाटणी मला पटत नाही. नवरीसाठी दोन्ही एकाच संध्याकाळचे भाग आहेत. एकात धर्मगुरूंसमोर मन मोकळे होते, दुसऱ्यात गावच्या बायका तिच्या अंगावर पाणी घालून तिला सोडायला सिद्ध होतात. दुसरा भाग वगळला तर तयारीत आई, मावशी, आत्या, शेजारीण यांचा वाटा नोंदलाच जात नाही, आणि शतकानुशतके तयारी खऱ्या अर्थाने चालवली ती त्यांनीच.

गावठाणातल्या विहिरी आता बुजल्या, काहींवर इमारती उभ्या राहिल्या. विधी पिंपातल्या पाण्यावर, सोसायटीच्या आवारात होतो. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. पण कोणत्या विहिरीवर कोणते घर जात असे, हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.

प्रॉटेस्टंट परंपरेकडे वळले की तयारीचा सूर बदलतो. विधींपेक्षा वचन आणि आत्मपरीक्षण पुढे येते. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे अर्पण १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते झाले. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाआधी करावयाची एक सूचना आहे: आदल्या रविवारी किंवा सणाला धर्मगुरूने मंडळीला सावध करावे, प्रत्येकाने आपले जीवन देवाच्या आज्ञांवर घासून पाहावे, शेजाऱ्याशी वैर असेल तर समेट करावा, आणि तरीही मन शांत होत नसेल तर धर्मगुरूकडे यावे. येऊ इच्छिणाऱ्यांनी आदल्या दिवशी आपली नावेही कळवायची असत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने सांगितलेले आत्मपरीक्षण इथे असे व्यवहारात उतरते. ते आपल्या मनातच होते, पण त्याची तारीख मंडळी ठरवते.

नारायण वामन टिळकांचे प्राथमिक शिक्षण काही काळ कल्याणात झाले, ही गोष्ट कल्याणकरांच्याही फारशी लक्षात नसते. त्यांच्या बाप्तिस्म्याआधीचा काळ मराठी ख्रिस्ती वाङ्मयात सर्वांत जास्त वाचला गेलेला पूर्वतयारीचा काळ असेल. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि वाचण्याची व प्रार्थना करण्याची विनंती केली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली दोन वर्षे वाचनाची, पत्रव्यवहाराची आणि तीव्र घालमेलीची.

पण तयारी एकट्याची नसते, या माझ्या म्हणण्याला टिळकांचेच उदाहरण आडवे येते, आणि ते टाळता येणार नाही. त्यांनी ही तयारी पत्नीपासून दूर राहून केली. लक्ष्मीबाईंवर तो निर्णय वीज कोसळावी तसा कोसळला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांचा आक्रोश आजही सोसवत नाही. मला वाटते, पुढची पाच वर्षे ही त्या अर्धवट राहिलेल्या तयारीची भरपाई होती. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळे सोडले नव्हते. वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी. मग एके दिवशी जात माणसाने केली की देवाने, या प्रश्नावर त्यांचा त्यांनाच उलगडा झाला, आणि कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचे बंधन गळून पडले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. इथे तयारीची जागा चर्च नव्हे, स्वयंपाकघर आहे, आणि तिचे शिक्षक कोणी मिशनरी नाहीत. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हाच्या निर्णयात लक्ष्मीबाई असलेल्या दिसतात. पहिल्या तयारीतून टिळकही काही शिकले होते, असे मी त्यातून वाचतो.

पंडिता रमाबाईंचे केडगाव ठाण्यापासून दूर, तरी त्यांच्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुक्ती सदनातल्या मुलींचा रोज एकत्र प्रार्थना करणारा गट सुरू केला. आरंभी सुमारे सत्तर जणी, पुढे शेकडो. जूनच्या अखेरीस जे आध्यात्मिक जागरण तिथे सुरू झाले ते जगभर गाजले, पण त्याआधीच्या सहा महिन्यांचे फारसे कोणी लिहीत नाही. बायबलच्या भाषांतरासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे सदनातल्या स्त्रियांनी केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले. एका ग्रंथाच्या तयारीत इतक्या हातांचा वाटा असलेले दुसरे उदाहरण मराठीत माझ्या पाहण्यात नाही.

आजच्या काळाबद्दल थोडे. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता कम्युनियनला जाण्याचा नियम वयस्क कॅथलिकांना आठवतो. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली आणि संध्याकाळच्या मिस्सेची वाट मोकळी झाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. १९५३ च्या सवलतीच्या कारणांत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांचा उल्लेख होता. कल्याणसारख्या जंक्शनावर, जिथे घरातला कर्ता माणूस पहाटे यार्डातून परततो, त्या सवलतीचे मोल किती असेल ते सांगायला नको. काहींना वाटते की नियम सैल झाला आणि तयारी संपली. मी तसे म्हणणार नाही. तयारीची जागा बदलली. लग्नाआधीचे शिबिर, मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, प्रॉटेस्टंट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांतली उपास-प्रार्थना, शुक्रवारची रात्रभर चालणारी प्रार्थना ही तिची आजची रूपे आहेत. दीक्षेआधी उमेदवाराने किमान पाच दिवस एकांतसाधनेत राहावे, असे १९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेचे १०३९ वे कलम सांगते. मिस्सेआधी धर्मगुरूने स्वतः प्रार्थनेने तयार व्हावे, असे ९०९ वे. ‘दिदाखे’तली देणाऱ्याच्याही उपासाची कल्पना या कलमांत टिकून आहे.

माहीमचा नोव्हेना या अभ्यासात घ्यावा की नाही, यावर मतभेद होतात. ८ सप्टेंबर १९४८ पासून सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी तो चालतो, आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणहून दादरला गाडी बदलून लोक तिथे जातात. त्यांत सर्व धर्मांचे असतात. दहावीची परीक्षा, नोकरीची मुलाखत, शस्त्रक्रिया, परदेशचा व्हिसा. ही मागणी आहे, तयारी नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. पण नऊ बुधवार कामावरून उशिरा घरी पोचणे, रांगेत उभे राहणे, दुसऱ्यांची निवेदने ऐकणे, यातून माणूस काही न शिकता परत येतो असे मानायला मी तयार नाही. पहिल्या बुधवारी निकालासाठी गेलेला विद्यार्थी सातव्या बुधवारी शेजारच्या बाईच्या आजारी मुलासाठी मेणबत्ती लावतो, हे तिथे बुधवारी सहज दिसते. बायबलमधला नहेम्याही राजापुढे मागणे घेऊन उभा राहण्याआधी किस्लेवपासून निसानपर्यंत, चारेक महिने शोक, उपास आणि प्रार्थना करत होता. प्रत्यक्ष राजासमोर त्याला मिळाला तो मनातल्या मनात एक शब्द उच्चारण्याइतका क्षण. लोकलच्या गर्दीत उभ्याने डोळे मिटणाऱ्या माणसाची प्रार्थना त्या क्षणासारखी असते. तिच्यामागे घरातले महिने आहेत की नाहीत, हे अभ्यासकाला घरात गेल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून कामाची दिशा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या ख्रिस्ती लोकांची माहिती आहे, आणि सुरुवातीला ती वाचावीच; पण गॅझेटियर सण मोजते, सणाआधीचे दिवस मोजत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’सह आपल्या लेखनातून आणि बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांवरील संशोधनातून ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी भक्तिपरंपरा यांच्यात जो पूल बांधला, त्यावरून पलीकडे जाता येते: वारीआधीची तयारी आणि उपवासकाळ, एकादशी आणि शुक्रवार यांचा तौलनिक अभ्यास अजून नीट झालेला नाही. त्याहून निकडीचे काम मात्र घराघरांतले आहे. ज्याला विचाराल त्याला, तू काय तयारी केलीस, एवढेच विचारून थांबू नका. तुझ्यासाठी कोण उपाशी राहिले, हेही विचारा. पुरुषांनी उत्तर दिले तरी त्यांच्या आईला पुन्हा विचारा. मलयाळी घरात उपासाच्या दिवसांचा स्वयंपाक लिहून घ्या, ईस्ट इंडियन घरात विहिरीवरची गाणी ध्वनिमुद्रित करा, मराठी प्रॉटेस्टंट घरात जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवर काय लिहिले आहे ते पाहा. पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिकांकडे हाताने लिहिलेल्या वह्या असतात, प्रश्न एका शाईने आणि मुलांची उत्तरे दुसऱ्या. घर बदलताना अशा वह्या रद्दीत जातात, आणि ठाणे-डोंबिवलीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे. तेव्हा आधी त्या वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, ग्रंथालयात नंतर बसावे.